पश्चिम कॅनडा, दोघंच, उन्हाळ्यात, बेताच्या खर्चात: आराखडा तपासून द्याल का?

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी. पुढच्या उन्हाळ्यात मी आणि नवरा पश्चिम कॅनडाला जायचं म्हणतोय. हातात दोन आठवडे आहेत. विमानाची तिकिटं आणि व्हिसा धरले नाहीत, तर तिथे उतरल्यापासून परत विमानात बसेपर्यंत दोघांत मिळून साडेतीन हजार कॅनेडियन डॉलरच्या आत भागवायचं आहे. एका डॉलरला साठ-पासष्ट रुपये धरले तरी आमच्यासाठी ही मोठी रक्कम आहे, दोन वर्षं साठवली आहे.

सध्याचा आराखडा असा: व्हँकुव्हरला उतरायचं, विमानतळावरच गाडी भाड्याने घ्यायची, बोटीने व्हिक्टोरिया आणि टोफिनो, मग केलोना, तिथून बॅन्फ, लेक लुईस, जॅस्पर, आणि शेवटी कॅलगरीला गाडी सोडून परतीचं विमान. पण हॉटेलांचे दर पाहिले आणि छातीत धस्स झालं. जुलैमध्ये बॅन्फ गावात साधी खोलीसुद्धा रात्रीला चारशे डॉलरच्या खाली दिसत नाही. गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचे वेगळे पैसे आहेत, तेही काही शे डॉलर.

तंबूत राहायची आमची तयारी आहे. हरिश्चंद्रगड, राजमाची, रतनगड सगळीकडे राहिलोय. पण अस्वलांच्या जंगलात कधी राहिलेलो नाही आणि तिथली बुकिंगची पद्धत काही कळत नाही. मी शाकाहारी आहे, नवरा अंडं खातो. गाडी दोघंही चालवतो.

कुठे कात्री लावू? आणि मोरेन लेकला स्वतःची गाडी नेता येत नाही हे खरं का?

---

मेधा_कॅलगरी

सायली, तुला तू म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील. मी कॅलगरीत शाळेची बस चालवते. जूनच्या अखेरीला शाळा संपल्या की सप्टेंबरपर्यंत मी मोकळी, त्यामुळे आमचा दरवर्षीचा उन्हाळा तंबूतच जातो. हौस आहे आणि खिशालाही तेच परवडतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली कात्री व्हँकुव्हर ते कॅलगरी या मोटारप्रवासाला लाव. नकाशावर ते अंतर वीतभर दिसतं, प्रत्यक्षात सरळ गेलं तरी ९७० किलोमीटर आहे. वाटेत केलोना धरलं की दोन पूर्ण दिवस स्टिअरिंगमागे जातात, वर गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचा भुर्दंड. इथे फिरताना पैसा खातात त्या दोनच गोष्टी, रात्रीची खाट आणि एकतर्फी गाडी. डोंगर, तळी, धबधबे जवळजवळ फुकट आहेत. तेव्हा व्हँकुव्हरला उतरा, तीन-चार दिवस गाडीशिवाय काढा आणि कॅलगरीला विमानाने या. दीड तासाचा प्रवास आहे आणि आधी काढलं तर तिकीट त्या भुर्दंडापेक्षा स्वस्त पडतं. फक्त बॅगेचे पैसे वेगळे लागतात का ते बघून घ्या. कॅलगरीत गाडी घ्यायची आणि गोल फिरून कॅलगरीलाच परत द्यायची. बसने जाऊ म्हणाल, तर ग्रेहाउंड या बसकंपनीने पश्चिमेतले जवळपास सगळे मार्ग २०१८ च्या ऑक्टोबरअखेर बंद केले. आता ज्या बस आहेत त्या मोठ्या गावांना जोडतात, पण तळ्याकाठी उतरवत नाहीत.

आता तंबूची जागा. हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण उन्हाळ्याचा खर्च इथे जानेवारीतच ठरतो. पार्क्स कॅनडाचं, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचं, बुकिंग जानेवारीच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने उघडतं, प्रत्येक उद्यानाची तारीख वेगळी. बॅन्फसाठी टनेल माउंटनचा तळ बघ. सहाशेच्या वर जागा आहेत, गरम पाण्याचे शॉवर आहेत आणि गावात जायला बस आहे. रात्रीला साधारण तीस ते पंचेचाळीस डॉलर, शेकोटी हवी असेल तर परवान्याचे दहा-पंधरा डॉलर वर. चारशेच्या खोलीशी ताडून बघ! लेक लुईसला कापडी तंबूंचा वेगळा तळ आहे, त्याच्याभोवती विजेचं कुंपण आहे, कारण तिथे ग्रिझली अस्वलं फिरतात. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी मुद्दाम तोच सुचवते. रात्री निवांत झोप लागते.

सगळं आधी भरलेलं दिसलं तर हिरमुसू नकोस. लुईस ते जॅस्पर या आइसफील्ड्स पार्कवे नावाच्या रस्त्यावर विलकॉक्ससारखे काही तळ 'जो आधी येईल त्याचा' या तत्त्वावर चालतात. सकाळी अकराच्या आत पोचायचं, रिकामी जागा शोधायची (प्रत्येक जागेला एक खांब असतो), प्रवेशापाशी ठेवलेल्या पाकिटावर नाव आणि गाडीचा नंबर लिहून पैसे आत घालायचे, पाकीट पेटीत टाकायचं आणि फाडून घेतलेली चिठ्ठी आपल्या खांबाला अडकवायची. माणूस नंतर फेरी मारून बघून जातो. शनिवार-रविवार मात्र टाळा, तेव्हा अख्खं कॅलगरी आणि एडमंटन तिकडे लोटतं. गाडीतच झोपू असा विचार असेल तर सोडून दे, उद्यानात तळाबाहेर रात्र काढायला बंदी आहे आणि दंड होतो.

तंबू, गाद्या, स्टोव्ह भारतातून ओढत आणू नका. कॅलगरी विद्यापीठाचं आउटडोअर सेंटर सगळं भाड्याने देतं, विद्यार्थी असायची अट नाही. झोपायच्या पिशव्या मात्र थंडीच्या घ्या. जुलैमध्ये दिवसा पंचवीस अंश असतं आणि लेक लुईसला पहाटे चार-पाचवर येतं. राजमाचीच्या हवेचा हिशेब इथे लागू पडत नाही.

मोरेन लेकचं खरं आहे. २०२३ पासून त्या रस्त्यावर खासगी गाड्या पूर्ण बंद आहेत. लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या वाहनतळावर गाडी ठेवायची आणि पार्क्स कॅनडाची बस पकडायची. मोठ्या माणसाला जाऊन-येऊन आठ डॉलर, वर बुकिंगची किरकोळ फी. काही जागा वसंत ऋतूत उघडतात, पण साठ टक्के जागा प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी आठला, इथल्या वेळेनुसार, सोडतात. आठच्या ठोक्याला फोन हातात असला की मिळतात. त्याच तिकिटावर मोरेन आणि लुईस अशी दोन्ही तळी होतात, मधली बस त्यातच धरलेली असते. लुईसच्या काठावर गाडी लावायला गेलात तर उन्हाळ्यात दिवसाला चाळीस डॉलरच्या आसपास मोजावे लागतात आणि तेही पहाटे जागा मिळाली तर. आणखी एक, जूनच्या सुरुवातीला येऊ नका. लुईसवरचा बर्फ तेव्हा जेमतेम वितळलेला असतो आणि मोरेनचं पाणी जूनच्या अखेरीस चढतं. त्या पाण्याचा निळा रंग हिमनद्यांनी दळलेल्या दगडाच्या पिठामुळे येतो, बर्फ वितळून ते पीठ तळ्यात उतरलं की मगच रंग भरतो. म्हणून जुलैचा मध्य ते सप्टेंबरचा पहिला आठवडा चांगला.

पैसे मागणाऱ्या गोष्टींना इथे बहुतेक वेळा पायी पर्याय असतो आणि तुम्ही गड चढणारी माणसं आहात, त्याचा फायदा घ्या. बॅन्फच्या गोंडोलाला, म्हणजे रोपवेला, माणशी सत्तरच्या पुढे पडतात. त्याच सल्फर माउंटनवर साडेपाच किलोमीटरची पायवाट जाते, चढ साडेसहाशे मीटरचा, कळसूबाई चढलेल्याला काहीच अवघड नाही. अथाबास्का हिमनदीवर मोठ्या चाकांच्या बसने नेतात, त्याचे माणशी शंभराच्या वर. त्याऐवजी रस्त्यापासून हिमनदीच्या पायथ्यापर्यंत फुकटची वाट आहे. वाटेत अमुक साली बर्फ इथपर्यंत होता अशा वर्षांच्या पाट्या लागतात. गेल्या सव्वाशे वर्षांत हिमनदी दीड किलोमीटरच्या आसपास मागे सरली आहे. आपण एकेक पाटी मागे टाकत चालत राहतो आणि बर्फ अजून लांबच दिसतो, तेव्हा ते आकडे पोटात उतरतात. दोरी ओलांडून बर्फावर पाऊल मात्र ठेवू नका. वरून घट्ट दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात आणि त्यात माणसं गेली आहेत.

लुईस ते जॅस्पर हा पार्कवे २३० किलोमीटरचा. पेट्रोल मध्ये एकाच ठिकाणी, सॅस्कॅचवान क्रॉसिंगला, तेही महाग. टाकी भरून निघा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, बहुतेक रस्त्यावर नेटवर्क नाही. पेटो आणि बो ही तळी, सनवाप्टा आणि अथाबास्का हे धबधबे, इथे थांबालच.

योहो उद्यान बहुतेकजण गाळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. लुईसपासून फील्ड गाव जेमतेम अर्ध्या तासावर. टकाकॉ धबधबा ३७३ मीटरचा, वाहनतळापासून दहा-पंधरा मिनिटांत पायथ्याशी, एक पैसा लागत नाही. वाटेत स्पायरल टनेल्सचा थांबा आहे. १९०९ साली डोंगराच्या पोटात वळसे घेत बोगदे खणून रेल्वेवाल्यांनी रुळांचा साडेचार टक्क्यांचा चढ निम्म्यावर आणला. लांबलचक मालगाडी आली की पुढचे डबे एका तोंडातून बाहेर पडत असतात आणि शेपूट अजून खालच्या तोंडात शिरत असतं. बोरघाटातून लहानपणापासून गेलेल्या माणसाला हे बघायला अर्धा तास थांबावंसं वाटतंच.

जॅस्परबद्दल. २०२४ च्या जुलैमध्ये तिथे मोठा वणवा आला. २२ तारखेला गाव आणि उद्यान मिळून पंचवीस हजार माणसं बाहेर काढली आणि गावातल्या इमारतींपैकी साधारण एक तृतीयांश जळाल्या. काळे पडलेले उतार दिसतील. तरीही जा. तिथली माणसं परत उभी राहतायत आणि तुमची कॉफी, तुमचं पेट्रोल त्यांच्या उपयोगी पडतं.

आणि धूर. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर येऊ शकतो, कधी चार दिवस समोरचा डोंगरही दिसत नाही. म्हणून रद्द करता येणारीच बुकिंग घ्या आणि एखादा दिवस मोकळा ठेवा. वारा बदलला की शंभर किलोमीटरवर आकाश स्वच्छ असतं, अशा वेळी आम्ही दक्षिणेला वॉटरटन उद्यानाकडे वळतो.

उद्यानाचा पास आठवणीने. २०२५ मध्ये सरकारने २० जून ते २ सप्टेंबर प्रवेश मोफत ठेवला होता, तिकीट काढण्याआधी तुमच्या वर्षाचं बघा. तशी सवलत नसेल आणि सात दिवसांहून जास्त उद्यानात असाल तर अख्ख्या गाडीचा वार्षिक पास घ्या, दीडशे डॉलरच्या वर पडतो. रोजच्या पासांपेक्षा तो स्वस्त.

---

निखिल_बर्नबी

मेधाताईंनी डोंगर सांगितले, मी शहर सांगतो. व्हँकुव्हरला गाडी अजिबात नको. पार्किंगमध्येच बजेट जाईल. विमानतळावरून स्कायट्रेन थेट मध्यवस्तीत येते, कार्ड टेकवून बसा. विमानतळावरून निघताना पाच डॉलर जास्तीचे लागतात, बाकी भाडं नेहमीचं. संध्याकाळी साडेसहानंतर आणि शनिवार-रविवारी कितीही लांब गेलात तरी एकाच झोनचं भाडं.

राहायला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची वसतिगृहं उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्याने मिळतात, ती लवकर धरा.

झुलता पूल बघायचा तर कॅपिलानोचं सत्तर डॉलरच्या घरातलं तिकीट काढू नका. सीबसने, म्हणजे प्रवासी बोटीने, पलीकडे लॉन्सडेल कीला उतरा, तिथून बसने लिन कॅन्यन. पूल लहान आहे, पण खाली तशीच खोल घळ, भोवती तसेच देवदार, आणि प्रवेश फुकट. स्टॅन्ली पार्कची समुद्रकाठची वाट नऊ किलोमीटरची, संध्याकाळी चाला. जुलैत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो.

व्हिक्टोरिया पायी प्रवासी म्हणून एका दिवसात होतं. ब्रिजपोर्ट स्टेशनवरून ६२० नंबरची बस त्सॉवॉसेनच्या धक्क्यावर सोडते, बोट दीड तासाची, पलीकडे ७० नंबरची बस गावात नेते. बोटीचे माणशी वीस डॉलरच्या आसपास. बेटांच्या मधून बोट जाते तो भाग डेकवर उभं राहून बघा. टोफिनो मात्र गाळा. व्हिक्टोरियाच्या बोटीतून उतरल्यावर पुन्हा साडेचार-पाच तासांचा रस्ता आणि राहायला बॅन्फइतकंच महाग.

एक ठिकाण आवर्जून सांगतो, कारण कुठल्याच टूरवाल्याच्या यादीत मी ते पाहिलेलं नाही. कोल हार्बरच्या काठावर कोमागाता मारूचं स्मारक आहे. १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांची ती बोट, बहुतेक पंजाबी शीख, या बंदरात दोन महिने अडवून ठेवली आणि जवळजवळ सगळ्यांना परत पाठवलं. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्याची माफी मागितली ती थेट २०१६ मध्ये. ते ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन होते आणि हे बंदरही त्याच साम्राज्याचं. आज मी इथे नोकरी करतो, त्यामुळे त्या स्मारकावरची प्रवाशांची नावं वाचायला मी मधूनमधून जातो. मुंबईहून आलेल्या प्रत्येक पाहुण्यालाही नेतो.

तिथून बसने रॉस स्ट्रीटच्या गुरुद्वाऱ्यात जा. लंगर सगळ्यांना खुला आहे, जेवण शाकाहारी, आणि वास्तुविशारद आर्थर एरिक्सन यांनी घडवलेली ती इमारत बघण्यासारखी आहे. डोकं झाकायला ओढणी-रुमाल न्या, जमलं तर पंगतीत वाढायला हात लावा, पेटीत यथाशक्ती टाका.

---

सायली_नाशिक

मेधाताई, निखिल, किती मनापासून लिहिलंत! आराखडा बदलला. चार दिवस व्हँकुव्हर, मग विमानाने कॅलगरी, बाकी सगळे दिवस डोंगरात. टोफिनो आणि केलोना काढून टाकलं. नवऱ्याला केलोनाची चेरी खायची होती, त्याची समजूत घालते.

आता तीन शंका उरल्या. अस्वलं, स्वयंपाक आणि आमचं महाराष्ट्राचं लायसन्स.

---

मेधा_कॅलगरी

चेरीचं मनावर घेऊ नका, जुलैअखेर ओकानागनची, म्हणजे केलोनाच्याच खोऱ्यातली, चेरी कॅलगरीत रस्त्याच्या कडेला टेबलं मांडून विकतात.

अस्वलांचा नियम एका वाक्याचा आहे: वास येणारी कुठलीही वस्तू तंबूत नको. खाणं आलंच, पण टूथपेस्ट, क्रीम, साबण, फोडणीचा वास लागलेला टी-शर्टसुद्धा. सगळं गाडीत बंद करायचं किंवा तळावरच्या लोखंडी कपाटात. त्या कपाटांची आणि कचऱ्याच्या पेट्यांची कडी एका पत्र्याच्या आत लपवलेली असते. हात खालून आत घालून बोटांनी वर दाबली की दार सुटतं, अस्वलाचा पंजा त्या फटीत मावत नाही. पहिल्यांदा ती कडी सापडत नाही, शेजाऱ्याला विचारा, आनंदाने दाखवतात. भांडी घासल्यावर पाणी झाडीत ओतायचं नाही, त्यासाठी ठरलेली मोरी असते. चालताना दोघं बोलत राहा, वळणावर टाळी वाजवा. अस्वलापासून १०० मीटर, एल्क-हरणांपासून ३० मीटर लांब. अस्वलाचा स्प्रे इथेच घ्या, पन्नासेक डॉलरला मिळतो आणि विमानात चालत नाही. जाताना शेजारच्या तंबूवाल्यांना देऊन टाका. आणि तो पाठपिशवीत न ठेवता कमरेला लावा, लागला तर दोन सेकंदांत हातात यायला हवा.

स्वयंपाकाचं सोपं आहे. सामान कॅलगरीच्या ईशान्य भागातून भरा, तिथे पोह्यांपासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं मिळतं. आमच्या आल्बर्टा प्रांतात कर फक्त पाच टक्के आहे, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबियात खाण्याचे जिन्नस सोडून बहुतेक वस्तूंवर बारा, म्हणून बाकीची मोठी खरेदी इथेच करा. भारतातून काही आणलंत तर विमानतळावर न लपवता सांगा. एक लहान प्रेशर कुकर मात्र आणाच. लेक लुईस सतराशे मीटरवर आहे, पाणी पंचाण्णवच्या खालीच उकळतं आणि उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. आम्ही मसूर किंवा मूग नेतो, सकाळी डब्यात भिजत घालतो, संध्याकाळी दोन शिट्ट्यांत खिचडी. वणव्याच्या धोक्यामुळे शेकोटीवर बंदी आली तरी गॅसचा स्टोव्ह सहसा चालतो. तळाच्या दारावरची पाटी रोज वाचा.

लायसन्स इंग्रजीत आहे ना, मग पाहुणे म्हणून आल्बर्टात चालतं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, हजार रुपयांचं काम आहे आणि गाडी देणारे काउंटरवर मागू शकतात. गाडी उजव्या बाजूने चालवायची. चौकात चारही बाजूंना थांबा अशी पाटी असेल तर पूर्ण थांबायचं, जो आधी थांबला तो आधी जाणार. आणि ही माझी हात जोडून विनंती: पिवळी शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत उभी दिसली, तर मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी थांबायचं. तुमच्या दिवसांत शाळा बंद असतील, पण सप्टेंबरात सरकलात तर आम्ही रस्त्यावर असू. त्या दिव्यांसमोरून सहा वर्षांचं पोर रस्ता ओलांडत असतं, उंचीने बॉनेटच्या खाली. सीटवरून मला ते दिसतं, तुम्हाला दिसत नाही.

बॅन्फचं बुकिंग ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी इथे सकाळचे आठ म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ. खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा, कार्डाला परदेशी व्यवहाराची परवानगी घेऊन ठेवा आणि टनेल माउंटनच्या दोन-तीन तारखा पर्यायी लिहून ठेवा. तारखा ठरल्या की इथेच टाक, कुठली जागा शॉवरच्या जवळ आणि कुठली रस्त्याच्या आवाजात ते मी सांगते.